झिजायचं कोणी?

इतिहासाच्या पुस्तकात फैजपूर येतं ते डिसेंबर १९३६ मुळे. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. आमच्या घरात मात्र फैजपूरचा विषय निघाला की बोलणं पाण्यावर येऊन थांबतं. मामा केळीवाले. विहिरीला पाणी कुठवर गेलं, बोअर किती फुटांवर लागली, मोटर किती खोल सोडावी लागली, हे त्यांच्याकडे पावसापाण्याच्या गप्पांइतकंच रोजचं. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्यांच्या न्हाणीघरातला गिझर गळायला लागला, तेव्हा त्यांनी आधी बोअरलाच बोल लावला.

आधी दोन-तीन दिवस सकाळचं पहिलं पाणी तांबूस आलं. मग गिझरच्या खालच्या झाकणातून थेंब पडू लागले. पंधरा लिटरचा गिझर, घेऊन पुरती चार वर्षं झालेली. मिस्तरी आला, वीज बंद केली, पाणी काढलं, बुडाची प्लेट सोडवली. प्लेटबरोबर कॉइल बाहेर आली; तिच्यावर पांढऱ्या क्षाराचं जाड पुट. कॉइलच्या शेजारी एक बारीक काळी तार लोंबत होती. तारेच्या वरच्या टोकाला राखी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा खडबडीत तुकडा अजून तग धरून होता.

"हा पाहा आप्पा, रॉड संपला. रॉड संपला अन् मग टाकीवर आलं."

मामा त्या तारेकडे बघत राहिले. "कोनता रॉड भो? मले त कोनी सांगतलंच नाही."

सांगितलेलं होतं. गिझरबरोबर आलेल्या माहितीपत्रकात, सुरक्षिततेच्या सूचनांच्या खाली, एका ओळीत. ते माहितीपत्रक आजही त्यांच्या कपाटात आहे, पिशवीसुद्धा न उघडलेलं. टाकी फुटली म्हणजे दुरुस्तीचा प्रश्नच संपतो. कॉइल बदलता येते, थर्मोस्टॅट बदलता येतो, भोक पडलेली टाकी कोणी बदलत नाही. काही शे रुपयांच्या रॉडपायी अख्खा गिझर भंगारात गेला. हे प्रकरण त्या रॉडचं आहे.

बंबाला रॉड का नव्हता?

मामांच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवायच्या, वरून गार पाणी ओतायचं, पितळी तोटीतून गरम घ्यायचं. तो बंब आजोबांच्या काळापासून चालला आणि शेवटी मोडीत गेला तोही चांगल्या भावाने. त्याला कसलाही रॉड नव्हता, कारण तांबं मुळात संथ स्वभावाचा धातू आहे. साध्या पाण्यात ते सहजासहजी विरघळत नाही.

लोखंडाचं तसं नाही. ते जमिनीत सापडतं ते बहुधा ऑक्सिजनशी जोडलेल्या रूपात. भट्टीत प्रचंड उष्णता खर्चून आपण त्याला ऑक्सिजनपासून वेगळं करतो. पाणी आणि हवा मिळाली की ते पुन्हा मूळ रूपाकडे निघतं. त्यालाच आपण गंज म्हणतो. पाणी गरम असेल तर हा परतीचा प्रवास आणखी वेगाने होतो. आणि बहुतेक गिझरची टाकी पोलादी असते, कारण तांब्याची केली तर गिऱ्हाइकाला परवडायची नाही.

यावर कारखानदारांनी काढलेला पहिला उपाय म्हणजे काचेचा मुलामा. काचेची पूड टाकीला आतून लावून ८०० अंश सेल्सियसच्या वर भाजतात. पोलादावर चिनी मातीच्या बरणीसारखा गुळगुळीत थर बसतो. पण इतक्या मोठ्या पृष्ठभागावर, जोडांच्या कडेला, कोपऱ्यात कुठेतरी सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच. त्यातच त्याच पाण्यात बुडालेली असते कॉइल, आणि तिचं आवरण पुष्कळदा तांब्याचं. लोखंड आणि तांबं हे दोन वेगळे धातू एकमेकांशी जोडलेले आणि एकाच पाण्यात बुडालेले. आपण नकळत न्हाणीघरात एक बॅटरी टांगून ठेवलेली असते.

धातूंची रांग

ही गोष्ट पहिल्यांदा नीट हाताळली इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने. १८०० साली त्याने दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद किंवा कापड, अशी चळत रचली आणि तिच्यातून सतत वाहणारी वीज मिळवली. पुढे धातूंची एक रांगच तयार झाली. आज ती व्होल्टमध्ये अशी लिहितात: मॅग्नेशियम उणे २.३७, ॲल्युमिनियम उणे १.६६, जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४, कथील उणे ०.१४, तांबं अधिक ०.३४.

आकडे पाठ करायची गरज नाही. नियम सोपा आहे. या रांगेतले दोन धातू एकमेकांना जोडून एकाच पाण्यात ठेवले की ज्याचा आकडा जास्त उणे, तो विरघळतो आणि दुसरा वाचतो. लोखंड आणि तांबं एकत्र आले तर लोखंड जातं. लोखंड आणि जस्त एकत्र आले तर जस्त जातं.

याचा पुरावा प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात असतो. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली ओरखडली तरी ओरखड्याच्या जागी लगेच गंज धरत नाही, कारण शेजारचं जस्त लोखंडाच्या वाटचं झिजणं स्वतःवर घेतं. उलट गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बघा. त्याच्यावर कथलाचा थर असतो. थर अखंड आहे तोवर डबा चकचकीत. एकदा ओरखडा पडला की त्या रेघेवरच तांबडा गंज धावतो, कारण कथील आणि लोखंड यांच्या जोडीत झिजण्याची पाळी लोखंडाची. दोन्ही मुलामे पांढरे, दोन्ही चकचकीत, पण एक मालकासाठी झिजतो आणि दुसरा मालकालाच पुढे ढकलतो. लोखंडावर जस्त चढवण्याच्या या कृतीचं पेटंट फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेलने १८३७ साली घेतलं. आज खानदेशातल्या गोठ्यांवरचे आणि गोदामांवरचे पत्रे त्याच विद्येवर टिकून आहेत.

गिझरमधला रॉड म्हणजे याच युक्तीचं जास्त धारदार रूप. रांगेत सर्वांत पुढे असलेला मॅग्नेशियम घ्यायचा, त्याची कांडी मधल्या पोलादी तारेवर ओतायची आणि टाकीला धातूने धातू भिडेल अशी जोडून द्यायची. मुलाम्यातल्या प्रत्येक भोकाची देणी मग मॅग्नेशियम फेडत राहतो.

डेव्हीचं यश आणि त्याची पंचाईत

ही कल्पना गिझरसाठी निघाली नव्हती. ती निघाली जहाजांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते झिजत. नौदलाने हंफ्री डेव्हीला विचारलं. डेव्हीने १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे उपाय मांडला: तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडा. या कामात त्याचा मदतनीस होता तरुण मायकेल फॅरडे. तांब्याच्या मानाने तुकड्याचं क्षेत्रफळ अगदी थोडं असलं तरी तांबं झिजायचं थांबलं.

पण जहाजं समुद्रावर गेली आणि वेगळीच पंचाईत झाली. झिजणारं तांबं पाण्यात उतरून शंखशिंपल्यांना आणि शेवाळाला विष ठरत होतं. तांबं झिजायचं थांबलं तसं विषही थांबलं. बुडाला कवचधारी जीव चिकटले, जहाजं मंदावली आणि नौदलाने ते तुकडे काढून टाकले. डेव्हीचं शास्त्र चुकलं नव्हतं. एका धातूचं झिजणं थांबवलं की त्या झिजण्याबरोबर चाललेली दुसरी गोष्टही थांबते, एवढंच कोणी आधी मोजलं नव्हतं. लोखंडी जहाजांचा काळ आल्यावर ही युक्ती परत आली आणि राहिली. आज जहाजाच्या बुडाला जस्ताच्या वड्या असतात. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांच्या पायांना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे मोठे ठोकळे असतात.

रॉडचं शास्त्रीय नाव 'ॲनोड' हा शब्दही त्याच मदतनिसाने, फॅरडेने, १८३४ मध्ये रूढ केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला 'धनाग्र' म्हणतात. विद्युत-विघटनाच्या प्रयोगात तो शब्द बरोबर बसतो, पण गिझरच्या बॅटरीत हे 'धनाग्र' प्रत्यक्षात ऋण असतं. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो इथेच. मिस्तरी त्याला नुसतं 'रॉड' म्हणतो, आणि या बाबतीत मिस्तरी सुखी आहे.

फैजपूरचं पाणी, फैजपूरचा उन्हाळा

आता मामांच्या बोअरकडे. फैजपूर वसलं आहे सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात. तापीच्या गाळाचा जाड थर, त्याच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पाणी मुरवणारा पट्टा, आणि या दोन्हींवर पोसलेली केळी. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अति उपशासाठी राज्यात ओळखले जातात. पाण्यासाठी बोअर खोल खोल जात राहिली. खोलवरून येणारं, खडक आणि गाळातून मुरलेलं पाणी पुष्कळदा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालावा, असं भारतीय मानक सांगतं. तुमचं पाणी कुठे बसतं ते तपासून घेणं कठीण नाही. साबणाला फेस येत नसेल तर निम्मा अंदाज तिथेच येतो.

जड पाणी गिझरला दोन बाजूंनी गाठतं. पाणी तापलं की विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो आणि चुनखडीचा थर कॉइलवर बसतो. थरामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते, वीज जास्त जाते आणि गिझर तापताना तडतडतो. दुसरी बाजू रॉडची. क्षार जितके जास्त तितकं पाणी विजेला वाट देतं, आणि रॉड तितका भरभर खर्च होतो.

किती भरभर, त्याचा ठोकळ हिशोब करता येतो. एक किलो मॅग्नेशियम पूर्ण विरघळला तर २,२०० अँपिअर-तास वीज देतो, पण त्यातला जवळपास निम्मा पाण्याशी परस्पर प्रक्रिया करून वाया जातो. हाती उरतात ११०० च्या आसपास. आपल्याकडच्या लहान गिझरमधला रॉड समजा २१ मिलिमीटर जाड आणि २० सेंटिमीटर लांब आहे. त्याचं वजन भरेल साधारण १२० ग्रॅम. मुलाम्यातल्या भोकांना आणि कॉइलला मिळून सतत दहा मिलिअँपिअर प्रवाह लागत असेल, तर हा रॉड सुमारे दीड वर्ष पुरतो. प्रवाह दुप्पट लागला तर नऊ महिने. चार वर्षांत मामांच्या गिझरमध्ये तार का उरली, याचं उत्तर या त्रैराशिकात आहे.

इथे मामांनी रास्त शंका काढली. "आपल्याकडे गिझर चालतो कुठे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी!" खरंच आहे. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. होळीला गिझरचं बटण बंद होतं ते दिवाळीलाच चालू होतं. पण बटण बंद झालं तरी टाकीत पाणी असतंच, आणि रॉडला भिंतीतल्या विजेची गरजच नसते. त्याची वीज त्याच्या स्वतःच्या विरघळण्यातून येते. गार पाण्यात तो जरा सावकाश झिजतो, पण झिजतो बाराही महिने. म्हणून "चार महिनेच तर वापरतो" हा हिशोब कॉइलला लागू पडतो, रॉडला पडत नाही.

मग उन्हाळ्यात टाकी रिकामी करून ठेवावी का? तेही नको. ओलसर, अर्धवट रिकाम्या टाकीत हवा खेळते आणि लोखंडाला रॉडचा आधार मात्र मिळत नाही, कारण मध्ये पाण्याचा पूलच नसतो. भरलेली टाकी बरी.

रॉड बदलताना

गिझरला वॉरंटी असेल तर कंपनीच्या माणसालाच बोलवा. तुम्ही प्लेट उघडली तर वॉरंटी जाऊ शकते. वॉरंटी संपलेली असेल तर ओळखीचा मिस्तरी घ्या, पण शेजारी उभे राहून बघा. काम तासाभराचं आहे.

पहिली गोष्ट वीज. नुसतं बटण पुरत नाही. मेन बोर्डावरचा एमसीबी खाली पाडा आणि टेस्टरने खात्री करा. गिझर दोन किलोवॉटचा असतो, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर; ओल्या न्हाणीघरात याची चेष्टा नको. पाणी गार होऊ द्या.

मग पाणी. गिझरकडे येणारा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडला तरी टाकी रिकामी होत नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून निघतं; खालून दाब थांबला की आतलं पाणी तसंच राहतं. म्हणून खालची येणारी नळी सोडवावी लागते. गरम नळ उघडा ठेवला की वरून हवा शिरते आणि खालून पंधरा लिटर पाणी उतरतं. बादली आधीच लावून ठेवा.

आता खालचं झाकण काढा. थर्मोस्टॅट, सुरक्षा कटआउट आणि कॉइलच्या वायरी दिसतील. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. परत जोडताना तोच उपयोगी पडतो. प्लेटचे नट एकाच बाजूने न सोडवता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. प्लेट खाली येईल ती कॉइल आणि रॉड घेऊन.

रॉड हातात घेऊन बघा. पृष्ठभाग खडबडीत, खड्डे पडलेला असणं ही चांगली खूण आहे. तो काम करत होता. जाडी निम्म्याखाली गेली असेल किंवा मधली तार दिसत असेल तर बदला. वर्षभर वापरूनही रॉड नव्यासारखा गुळगुळीत निघाला तर खूश होऊ नका. एक तर तो टाकीला नीट भिडलेला नाही, किंवा त्याच्यावर क्षाराचं पुट चढलं आहे. दोन्ही वेळा झिजतेय ती टाकी. म्हणूनच नवा रॉड बसवताना त्याच्या बुडाची जागा घासून स्वच्छ करा आणि नट घट्ट आवळा. रॉडला रंग, ग्रीस, टेप असं काही लावू नका.

उघडलंच आहे तर कॉइलवरचा थर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून काढा. टाकीत बोट घालून गाळ काढा, पण आत स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. काचेचा मुलामा तडकला की नव्या भोकांची भर पडते. रबरी गॅसकेट जुनं वापरू नका. नट पुन्हा समोरासमोर आवळा. अर्थिंगची वायर जोडली आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

शेवटी आधी पाणी, मग वीज. गरम नळातून हवा फसफसत निघून जाऊन सलग धार लागेपर्यंत थांबा. रिकाम्या टाकीत कॉइल चालू झाली तर ती काही क्षणांत जळते. प्लेटभोवती कोरडं फडकं फिरवून ओल नाही ना, हे पाहा आणि मगच एमसीबी वर करा.

रॉड तोच ठेवून गिझर सहा-आठ महिने पडून राहिला असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. मॅग्नेशियम विरघळताना थोडा हायड्रोजन सुटतो आणि न वापरलेल्या टाकीच्या माथ्याशी साठू शकतो. दिवाळीला गिझर लावण्याआधी गरम नळ थोडा वेळ सोडा, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा आणि तिथे काडी ओढू नका. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर त्याचं कारण असं: काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून तसल्या वासाचा वायू बनवतात आणि मॅग्नेशियमचा रॉड त्यांच्या पथ्यावर पडतो. रॉड काढून टाकणं हा त्यावर उपाय नाही. ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड लावून पाहावा आणि टाकी निर्जंतुक करून घ्यावी. डेव्हीच्या जहाजांचीच ही घरगुती आवृत्ती.

मामांचा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या गॅरेजमध्ये गिझर म्हणजे माणसाच्या उंचीचा दीडशे-दोनशे लिटरचा पिंप. त्याचा रॉड वरून, माथ्यावरच्या षट्कोनी डोक्याला एक पूर्णांक एक सोळांश इंची पाना लावून निघतो, आणि छत ठेंगणं असेल तर लांबलचक रॉड वर काढायला जागाच उरत नाही. तिथे साखळीसारखे दुमडणारे रॉड मिळतात. फैजपूरच्या गिझरला तो प्रश्न नाही. सगळं खालून, डोक्यावर पाणी झेलत.

नवा गिझर आला तेव्हा मामांनी कंपनीच्या माणसाला बसवण्याआधी थांबवलं, प्लेट उघडायला लावली आणि रॉड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. ११६ ग्रॅम. आकडा आणि तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिली. यंदा दिवाळीआधी, फराळाच्या तयारीत मामी वजनकाटा शोधत असताना, तो पुन्हा न्हाणीघरात होता. वर्षाला जेमतेम चार महिने चाललेल्या गिझरचा रॉड भरला ६८.

मामांनी जुन्या आकड्याखाली नवा लिहिला, वजाबाकी केली आणि रॉड परत लावायला सांगितला. "निम्म्याच्या वरच हाये अजून. पुढच्या दिवाळीले बदलू."